यकृताचा रिपोर्ट वाचताना

गोव्यात फोंड्यातील एका रक्ततपासणी प्रयोगशाळेत मी काम करते, आणि तिथे मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न यकृताविषयीचा असतो. तो बहुधा एकाच आकड्याभोवती फिरतो. रिपोर्टचे पाकीट उघडताच माणसे ‘एसजीपीटी’ची ओळ शोधतात, आणि तिच्यासमोरचा आकडा ठळक अक्षरांत छापलेला नसेल, तर ‘बाये, लिव्हर बरें आसा मगो?’ असे विचारून उत्तराची वाट न पाहताच निश्चिंत होतात. आकडा ठळक असला, की तितक्याच घाईने घाबरतात. मला या दोन्ही प्रतिक्रियांची काळजी वाटते, कारण एसजीपीटी मर्यादेत असताना यकृत आतून निबर झालेले असू शकते आणि एसजीपीटी तिप्पट वाढलेली असताना यकृताला काहीही झालेले नसू शकते. निदान आणि उपचार हे डॉक्टरांचे काम आहे, आणि त्यात ढवळाढवळ करण्याचा माझा अधिकार नाही. पण तपासणी कशाची होते, आकडा कशामुळे हलतो आणि कोणता आकडा कोणत्या आकड्याशेजारी ठेवून वाचायचा असतो, हे रुग्णाच्या घरच्यांना ठाऊक असलेच पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

एसजीपीटी आणि एसजीओटी (नव्या रिपोर्टांवर एएलटी आणि एएसटी) ही पेशींच्या आत काम करणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, आहेत. पेशीला इजा झाली, की ती रक्तात उतरतात आणि रक्तातली त्यांची पातळी वाढते. म्हणजे हे आकडे इजेची वर्दी देतात. यकृत आपले काम किती करते आहे, हे त्यांच्यावरून कळत नाही. शिवाय ही विकरे एकट्या यकृताच्या मालकीची नाहीत. १९५४ साली न्यूयॉर्कमध्ये लाड्यू, व्रोब्लेव्स्की आणि कारमेन या संशोधकांनी एसजीओटी रक्तात वाढल्याचे दाखवले, ते हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांमध्ये. यकृताच्या आजारांसाठी या तपासणीचा उपयोग त्यानंतर रुळला. एसजीओटी हृदयात, हातापायांच्या स्नायूंत आणि तांबड्या रक्तपेशींतही भरपूर असते. एसजीपीटी मुख्यतः यकृतातली असली, तरी थोडी स्नायूंतही असते. त्यामुळे नव्यानेच व्यायामशाळेत जाऊ लागलेल्या किंवा बऱ्याच काळाने पूर्ण वेळ फुटबॉलचा सामना खेळलेल्या तरुणाची दोन्ही विकरे काही दिवस वाढलेली दिसू शकतात. अशा वेळी सीपीके ही स्नायूंची तपासणी सोबत केली, की पुष्कळदा उलगडा होतो आणि त्या मुलाच्या आईवडिलांची झोप परत येते. रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या, तरी एसजीओटी खोटीच वाढते. नमुना लालसर दिसला, तर तो नाकारून दुसरा मागवणे हे आमचे कर्तव्य आहे. पुन्हा सुई टोचावी लागते म्हणून रुग्ण नाराज होतो, तरीही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रक्तातली निम्मी एसजीओटी साधारण १७ तासांत नाहीशी होते, तर एसजीपीटीला त्यासाठी जवळपास ४७ तास लागतात. इजा थांबली, की आधी एसजीओटी उतरते आणि मागोमाग एसजीपीटी. परंतु उतरणारा आकडा नेहमीच शुभ नसतो. तीव्र यकृतदाहात किंवा पॅरासिटामॉलच्या विषबाधेत एसजीपीटी हजारांत जाते आणि पुढे झपाट्याने खाली येते. त्याच वेळी बिलिरुबिन (काविळीचे पिवळे द्रव्य) आणि आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचे माप) वाढत असतील, तर त्याचा अर्थ असा, की इजा होण्यासाठी पेशीच फारशा उरलेल्या नाहीत. एसजीपीटी चार हजारांवरून आठशेवर आली, म्हणून घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि नेमके त्याच वेळी डॉक्टर रुग्णाला यकृतरोपणाची सोय असलेल्या रुग्णालयात हलवण्याविषयी बोलू लागतात. ही विसंगती समजली नाही, की नातेवाइकांचा डॉक्टरांवरचा विश्वास डळमळतो.

आपल्याकडे पावसाळ्यात ताप आणि कावीळ एकत्र दिसू लागली, की हे सारे आकडे एकमेकांशेजारी ठेवण्याची गरज फार वाढते. दूषित पाण्यातून येणाऱ्या ए किंवा ई प्रकारच्या विषाणूजन्य काविळीत एसजीपीटी अनेकदा हजाराच्या वर असते. लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य तापात चित्र वेगळे असते: बिलिरुबिन खूप वाढलेले, डोळे गडद पिवळे, पण विकरे त्या मानाने थोडीच, बहुधा शे-दोनशेच्या घरात, सोबत क्रिएटिनिन (मूत्रपिंडांच्या कामाचा आकडा) वाढलेले आणि पोटऱ्यांच्या दुखण्याशी जुळणारी वाढलेली सीपीके. डेंग्यूत एसजीओटी ही एसजीपीटीपेक्षा अधिक वाढते आणि प्लेटलेट घसरतात. सत्तरी तालुक्यात २०१५ पासून परिचयाचा झालेल्या माकडतापातही विकरे वाढतात आणि प्लेटलेट कमी होतात, म्हणून काजूच्या हंगामात रानात गेलेल्या माणसाचा इतिहास डॉक्टर आवर्जून विचारतात. एकट्या बिलिरुबिनच्या आकड्यावरून यांतले काहीही ओळखता येत नाही.

गावाकडे काविळीला कामीण म्हणतात. तिच्यासाठी पाळेमुळे उगाळून देणारी माणसे आजही आहेत आणि त्यांच्यापैकी अनेकांचा हेतू चांगला असतो, यात मला शंका नाही. ए प्रकारची कावीळ बहुतेकांमध्ये आपोआप बरी होते, आणि त्याचे श्रेय औषधाला मिळते. परंतु शेतात चिखलात राबलेल्या माणसाला ताप, अंगदुखी आणि पिवळे डोळे अशी तक्रार असेल, तर लेप्टोस्पायरोसिसमध्ये प्रतिजैविके वेळेवर मिळणे हाच जीव वाचवण्याचा मार्ग असतो. मूत्रपिंडे निकामी होऊ लागल्यावर रुग्ण बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचला, की हातचा वेळ गेलेला असतो. म्हणून कावीळ आणि ताप एकत्र असताना किमान बिलिरुबिन, दोन्ही विकरे, क्रिएटिनिन, प्लेटलेट आणि आयएनआर यांची तपासणी त्याच दिवशी झाली पाहिजे, हे मी ज्याला-त्याला सांगत असते.

बिलिरुबिनविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. जुन्या तांबड्या पेशी मोडल्यावर त्यांच्यातून हे पिवळे द्रव्य तयार होते. यकृत त्यावर प्रक्रिया करून ते पाण्यात विरघळणारे बनवते आणि पित्तातून बाहेर टाकते. रिपोर्टवरचे ‘इनडायरेक्ट’ म्हणजे प्रक्रियेपूर्वीचे आणि ‘डायरेक्ट’ म्हणजे प्रक्रिया झालेले. रक्तातल्या बिलिरुबिनचे हे दोन प्रकार वेगळे मोजण्याची पद्धत १९१६ साली व्हान डेन बर्ग आणि म्युलर यांनी मांडली आणि आजच्या बहुतेक पद्धती तिच्याच वंशातल्या आहेत. एखाद्या धडधाकट तरुणाचे एकूण बिलिरुबिन २ किंवा २.५ असावे, ते जवळजवळ सगळे इनडायरेक्ट असावे, विकरे नेहमीसारखी असावीत आणि हिमोग्लोबिनही चांगले असावे, असे चित्र पुष्कळदा दिसते. त्यामागे बहुधा गिल्बर्ट सिंड्रोम नावाची जन्मजात, निरुपद्रवी ठेवण असते. उपवास, ताप किंवा जागरण यांनी हा आकडा वाढतो. कडक उपवासाच्या दुसऱ्या दिवशी रक्त दिले, तर तो हमखास नेहमीपेक्षा जास्त येईल. अशा मुलाला वर्षानुवर्षे तेल-तूप वर्ज्य करून काविळीचा रुग्ण म्हणून वागवले जाते, ते पाहून वाईट वाटते.

उलट बाजूला, पित्तनलिकेत खडा अडकल्यावर डायरेक्ट बिलिरुबिन वाढते, आणि खडा काढल्यावरही ते लगेच खाली येत नाही. त्यातला काही भाग अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला घट्ट चिकटलेला असतो आणि अल्ब्युमिन रक्तात टिकते तितकेच, म्हणजे दोन-तीन आठवडे, रेंगाळतो. रुग्णाची खाज थांबली आहे, भूक लागते आहे, मळाचा रंग पूर्ववत झाला आहे आणि अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर उतरते आहे. मग पिवळेपणा रेंगाळला, म्हणून शस्त्रक्रिया फसली असे समजू नये. अडथळ्याच्या आजारात हे अल्कलाइन फॉस्फटेज आणि गॅमा जीटी ही विकरांची जोडी महत्त्वाची असते. पहिले हाडांतूनही येते, त्यामुळे वाढत्या वयाच्या मुलांमध्ये ते प्रौढांच्या मर्यादेच्या दुप्पट-तिप्पट असणे स्वाभाविक आहे. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत ते वारेतूनही येते. सोबत गॅमा जीटी वाढलेले असेल, तर स्रोत यकृत किंवा पित्तनलिका असण्याची शक्यता बळावते.

बिलिरुबिन प्रकाशात नष्ट होते, हे घरी येऊन रक्त नेणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवायला हवे. वाळपईच्या पलीकडच्या गावांतून नमुना आणताना नळ्या स्कूटरच्या पुढच्या जाळीत उन्हात ठेवल्या, तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येईल. नळ्या झाकलेल्या डब्यात, थंड ठिकाणी असायला हव्यात. तुम्ही ग्राहक म्हणून हे पाहू शकता आणि विचारूही शकता.

दारूविषयी आपल्या गोव्यात मोकळेपणाने बोलणे अवघड जाते; हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या दारूचा, हंगाम हा पुष्कळ घरांत आनंदाचा काळ असतो. पण रक्त याबाबतीत बरेच स्पष्ट बोलते. दारूमुळे होणाऱ्या यकृतदाहात एसजीओटी ही एसजीपीटीच्या दुप्पट किंवा अधिक असते, आणि तरीही ती तीनशेच्या वर क्वचितच जाते. एसजीपीटी घडण्यासाठी आणि काम करण्यासाठी ब-६ जीवनसत्त्व लागते आणि नियमित पिणाऱ्याच्या शरीरात त्याची कमतरता असते; एसजीपीटी मागे पडण्याचे हे एक कारण. म्हणून ‘एसजीपीटी फक्त ६० आहे’ हे पिणाऱ्या माणसाच्या बाबतीत आश्वासन नव्हे. शेजारी एसजीओटी १६०, बिलिरुबिन ९ आणि आयएनआर २ असेल, तर तो माणूस गंभीर आजारी आहे. पिणे थांबवल्यावर गॅमा जीटी काही आठवड्यांत उतरू लागते, आणि हा उतरता आकडा रुग्णाला दाखवून डॉक्टर त्याचा निश्चय टिकवून धरू शकतात. माझ्या मते या तपासणीचा हा सर्वांत चांगला उपयोग आहे. घरच्यांनी मात्र ती पाळत ठेवण्याचे साधन करू नये, कारण काही औषधांनी, मधुमेहाने आणि लठ्ठपणानेही गॅमा जीटी वाढते आणि निरपराध माणसावर आळ येतो.

यकृत काम करते आहे का, हे सांगणारे खरे आकडे दुसरीकडे असतात: अल्ब्युमिन आणि प्रोथ्रॉम्बिन टाइम, म्हणजे आयएनआर. अल्ब्युमिन हे प्रथिन फक्त यकृतातच तयार होते आणि रक्तात सुमारे वीस दिवसांनी निम्मे होते, म्हणून दीर्घ आजाराची नोंद त्यात उमटते. आठवड्यापूर्वी सुरू झालेल्या आजारात ते फारसे हललेले नसते. लघवीतून प्रथिने जात असतील किंवा शरीरात मोठा जंतुसंसर्ग असेल, तरीही ते कमी होते, हे विसरून चालत नाही. आयएनआर याच्या उलट, चपळ आहे. रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी सातवा घटक चार-सहा तासांतच निम्मा होतो, त्यामुळे यकृताने काम थांबवले, की दिवसभरातच आयएनआर वाढू लागतो. मात्र पित्त आतड्यात न उतरल्याने के जीवनसत्त्व शोषले गेले नाही, तरीही तो वाढतो. के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिल्यावर तो सुधारला, तर यकृताची हे घटक घडवण्याची शक्ती शाबूत आहे असे मानता येते. न सुधारला, तर काळजी वाढते.

या तपासणीसाठी निळ्या झाकणाची नळी असते आणि ती खुणेपर्यंत भरलीच पाहिजे, कारण आत आधीच ठेवलेल्या, रक्त गोठू न देणाऱ्या सायट्रेटचे रक्ताशी प्रमाण एकास नऊ असावे लागते. नळी अर्धीच भरली, तर आयएनआर विनाकारण वाढलेला येतो आणि त्या चुकीच्या आकड्यावर एखाद्याची शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाऊ शकते. नमुना घेणारा घाईत असेल, तर नळी भरली आहे का, हे नम्रपणे विचारायला संकोच करू नका.

आता मला ज्या विषयाची सर्वांत जास्त तळमळ वाटते, तो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत गोव्यातील प्रौढांमधील मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले. मधुमेह आणि मेदयुक्त यकृत (फॅटी लिव्हर) यांची जोडी घट्ट असते. ज्यांनी आयुष्यात थेंबभर दारू घेतली नाही, अशा बायकांनाही या वाटेने सिरॉसिस होतो, म्हणजे यकृत कायमचे निबर होते, आणि तोपर्यंत त्यांच्या एसजीपीटीने कधी फारशी तक्रार केलेली नसते. एक उदाहरण मांडते. समजा, ४९ वर्षांच्या एका मधुमेही बाईंची एसजीओटी ३०, एसजीपीटी ३६ आणि प्लेटलेट २ लाख ४० हजार आहेत. पाच वर्षांनी एसजीपीटी तीच, ३६. एसजीओटी ४८ आणि प्लेटलेट १ लाख ५० हजार. दोन्ही रिपोर्टांत काळजी करण्यासारखे काही आहे, असे वरवर पाहणाऱ्याला वाटणार नाही. पण फिब-४ नावाचे एक साधे गणित आहे: वयाला एसजीओटीने गुणायचे, आणि त्याला प्लेटलेटची हजारांतली संख्या गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ, याने भागायचे. पहिल्या वेळी उत्तर येते १.०२ आणि दुसऱ्या वेळी २.८८. १.३ च्या खाली असेल, तर यकृतात व्रण वाढल्याची शक्यता कमी, २.६७ च्या वर असेल, तर ती इतकी, की पोटविकारतज्ज्ञांकडे जाऊन फायब्रोस्कॅनसारखी, यकृताचा निबरपणा मोजणारी पुढची तपासणी करायला हवी. यकृत निबर झाले, की प्लीहेकडचा रक्तदाब वाढतो, प्लीहा मोठी होते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून पडतात, म्हणून प्लेटलेटची हळूहळू होणारी घसरण हा यकृताचाच आकडा मानायला हवा. पस्तिशीच्या आतल्यांसाठी हे गणित विश्वसनीय नाही, पासष्टीनंतर खालची मर्यादा २ धरतात, आणि तीव्र तापात किंवा काविळीत ते करू नये. या मर्यादा सांभाळल्या, तर मधुमेहासाठी एरवीही होणाऱ्या रक्ततपासणीतून, एक पैसाही जास्त न देता ही माहिती मिळते. प्रत्येक मधुमेही व्यक्तीच्या फाइलवर हा आकडा लिहिलेला असावा, असे मला वाटते.

सिरॉसिस ठरल्यानंतर तपासण्यांचा हेतू बदलतो. बिलिरुबिन, आयएनआर आणि क्रिएटिनिन यांच्यावरून काढल्या जाणाऱ्या, आजाराची तीव्रता सांगणाऱ्या मेल्ड गुणांकात विकरांना स्थानच नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. सोडियम आणि क्रिएटिनिन यांच्याकडे दर वेळी बारकाईने पाहिले जाते, कारण पोटातल्या पाण्यासाठी दिलेल्या लघवीच्या गोळ्या मूत्रपिंडांवर ताण आणू शकतात. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, सोबत एएफपी नावाची रक्ततपासणी, ही कर्करोगावरची नजर असते. एकट्या एएफपीवर विसंबून सोनोग्राफी टाळू नये.

पोटात पाणी झालेल्या रुग्णाच्या त्या पाण्याची तपासणी मला रक्ताच्या कोणत्याही तपासणीपेक्षा कमी वाटत नाही. रक्तातल्या अल्ब्युमिनमधून पाण्यातले अल्ब्युमिन वजा केल्यावर १.१ किंवा जास्त उरले, तर पाणी यकृताकडच्या वाढलेल्या रक्तदाबामुळे साठले आहे, असे बहुधा ठरते. कमी उरले, तर क्षय किंवा कर्करोगाचा विचार करावा लागतो. त्याच पाण्यात एका घन मिलिमीटरला न्यूट्रोफिल पेशी २५० किंवा अधिक असतील, तर ते संसर्गाचे लक्षण असते आणि प्रतिजैविके त्याच दिवशी सुरू करावी लागतात. हा संसर्ग कित्येकदा ताप किंवा पोटदुखी न होताच येतो. म्हणून सिरॉसिसचा रुग्ण रुग्णालयात दाखल झाला आणि पोटात पाणी असले, की पहिल्याच दिवशी ते तपासायला पाठवावे. ‘पाणी काढले की माणूस खचतो’ या समजुतीपायी घरच्यांनी त्याला नकार देऊ नये. तपासणीसाठी लागते ते केवळ सिरिंजभर.

औषधांवरच्या देखरेखीविषयी थोडक्यात. क्षयाच्या उपचारात उलट्या, भूक मरणे किंवा कावीळ यांच्यासह एसजीपीटी कमाल मर्यादेच्या तिप्पट झाली, किंवा काहीही त्रास नसताना पाचपट झाली, की डॉक्टर औषधे तात्पुरती थांबवतात. त्याखालच्या वाढीला घाबरून रुग्णाने स्वतः औषधे सोडणे धोक्याचे आहे. वनौषधी, काढे, पावडरी यांचीही नोंद डॉक्टरांना द्यावी. करोनाच्या काळात गुळवेलीमुळे यकृताला इजा झाल्याची प्रकरणे मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवलेली आहेत.

पाठपुराव्याच्या तपासण्या शक्यतो एकाच प्रयोगशाळेत कराव्यात, कारण पद्धत आणि अभिकर्मक (तपासणीची रसायने) बदलले, की आकडा थोडा हलतो. आम्ही रोज रुग्णांच्या नमुन्यांआधी नियंत्रण नमुने, म्हणजे ज्यांचा आकडा आधीच ठाऊक असतो असे नमुने, चालवतो, आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसारख्या संस्थांच्या बाह्य गुणवत्ता योजनांत प्रयोगशाळा भाग घेऊ शकतात. तुमची प्रयोगशाळा घेते का, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. रिपोर्टवर छापलेली मर्यादाही एकमेव सत्य नसते. एसजीपीटीची कमाल मर्यादा अनेक ठिकाणी ४० च्या आसपास छापतात, पण अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या २०१७ च्या मार्गदर्शनात निरोगी पुरुषांसाठी ती २९ ते ३३ आणि स्त्रियांसाठी १९ ते २५ धरली आहे.

राहिला यकृतदाहाच्या बी आणि सी विषाणूंचा प्रश्न. सी प्रकारात प्रतिपिंडांची तपासणी बरे झाल्यावरही पॉझिटिव्हच राहते, म्हणून आजार आहे की गेला, हे फक्त विषाणूच्या आरएनएच्या तपासणीवरून ठरते, आणि उपचार संपल्यावर बारा आठवड्यांनी तो सापडला नाही, तर रुग्ण बरा झाला असे मानतात. बी प्रकारात एचबीएसएजी (विषाणूच्या पृष्ठभागावरचे प्रथिन शोधणारी तपासणी) सहा महिन्यांहून अधिक काळ पॉझिटिव्ह राहिली, तर संसर्ग दीर्घकालीन ठरतो. त्यानंतर एसजीपीटी आणि विषाणूचे डीएनए ठरावीक काळाने तपासत राहावे लागतात, कारण शांत असलेला विषाणू पुढे कधीही जागा होऊ शकतो. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रमात या दोन्हींची तपासणी आणि उपचार सरकारी केंद्रांत मोफत आहेत. घरात एक व्यक्ती बी पॉझिटिव्ह निघाली, तर जोडीदार, मुले आणि भावंडे यांची एचबीएसएजी तपासणी करून, निगेटिव्ह असणाऱ्यांनी लस घ्यावी. गर्भवती स्त्री पॉझिटिव्ह असेल, तर बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत लसीचा पहिला डोस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन मिळाले पाहिजे. लसीचे सगळे डोस पूर्ण झाल्यावर, नऊ ते बारा महिन्यांच्या वयात, त्या बाळाची एचबीएसएजी आणि लसीने तयार होणारी प्रतिपिंडे, या दोन्ही तपासण्या करून घ्याव्यात.